मोबाईलवरची कमाई : पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते?



गेल्या चार-पाच वर्षांत गावोगावच्या बैठकांत खत, बियाणे आणि पीकविम्याच्या जोडीने एक नवाच प्रश्न कानावर येऊ लागला आहे. बैठक संपते, चहा होतो, आणि मग कोणीतरी हळूच विचारते, “साहेब, मोबाईलवर घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, खरे का?” विचारणारा कधी पदवी घेऊन घरी बसलेला मुलगा असतो, कधी बचत गटातील एखादी ताई असते, तर कधी नातवाच्या हट्टापायी चौकशी करणारे आजोबा असतात.

उत्तर एका शब्दाचे आहे. मिळतात. परंतु ते कोण देतो, कशाबद्दल देतो आणि किती दिवसांनी देतो, हे समजून न घेता जो या धंद्यात उतरतो त्याचे पैसे येण्याऐवजी जातात. म्हणून आज थोडे सविस्तर लिहावयाचे ठरविले आहे.

पैसा येतो कोठून?

तुमच्या हातातील हे साप्ताहिकच पाहा. तुम्ही दिलेल्या वर्गणीवर त्याचा सगळा खर्च भागत नाही. पंप, ठिबक, बियाणे विकणारे जाहिरात देतात. का देतात? कारण हा अंक तुमच्या घरी वाचला जातो हे त्यांना ठाऊक असते. तुम्ही अंक वाचता, कारण त्यात तुमच्या कामाचे काही सापडते. उद्या त्यात कामाचे काही सापडेनासे झाले तर तुम्ही अंक बंद कराल, आणि पाठोपाठ जाहिरातीही बंद होतील.

मोबाईलवरचा व्यवहारही असाच आहे. कोणी यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो, कोणी स्वतःची वेबसाइट काढून तीवर लेख लिहितो. लोक ते पाहावयास येतात. लोक आले की तेथे जाहिराती लागतात. जाहिरातदार गूगलसारख्या कंपनीला पैसे देतो आणि कंपनी त्यातला वाटा ज्याच्यामुळे लोक आले त्याला देते. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओंवर जाहिरातीचे शंभर रुपये आले तर त्यातले पंचावन्न व्हिडिओ करणाऱ्याचे, असा आजचा करार आहे. वेबसाइटवर जाहिरात लावावयाची तर गूगलची ॲडसेन्स नावाची सोय आहे. ती 2003 साली सुरू झाली आणि आता मराठी मजकुरालाही मिळते.

म्हणजे या धंद्याचे मूळ कोठे आहे ते ध्यानात घ्या. गूगल हा आपला मालक नव्हे आणि जाहिरातदारही नव्हे. मोबाईल उघडून दोन मिनिटे आपल्यापाशी थांबणारा तो अनोळखी माणूस हे आपले खरे गिऱ्हाईक. त्याला जे हवे होते ते मिळाले तर तो थांबेल, परत येईल, शेजाऱ्याला सांगेल. नाही मिळाले तर अंगठ्याने पुढे सरकवील. बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या मावशींना हे कोणी शिकवावे लागत नाही.

जो आधी पैसे मागतो, त्याच्यापासून दूर

हे मूळ पक्के समजले की फसवणूक ओळखणे सोपे जाते. आमच्या तालुक्यातील एका घरची हकीगत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. मुलगा शिकलेला, नोकरीच्या शोधात. त्याच्या मोबाईलवर निरोप आला की, आम्ही पाठवू त्या व्हिडिओंना पसंतीची खूण करा, प्रत्येक खुणेला पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरोखरच खात्यात आले. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे आले. घरात आनंद झाला. मग ‘वरच्या पातळीच्या’ कामासाठी दोन हजार भरावयास सांगितले; ते वाढून परत आले. मग दहा हजार भरले. ते अडकले. ते सोडवून घेण्यासाठी आणखी भरा, असे करता करता बापाने सोयाबीन विकून खत-बियाण्यासाठी ठेवलेली रक्कम आठ दिवसांत गेली. त्या पेरणीला त्यांनी उसनवारीवर बियाणे आणले.

आता आपल्या मूळ सूत्रावर हे घासून पाहा. खुणा करून त्या मुलाने कोणाच्या पदरात काय टाकले होते? काहीच नाही. मग त्याला पन्नास रुपये कोण आणि कशासाठी देणार? जेथे आपण कोणाच्याच उपयोगी पडलो नाही तेथे पैसा येत असेल, तर ते गळाला लावलेले गांडूळ समजा. यूट्यूबवर चॅनेल काढावयास एक पैसाही लागत नाही. ॲडसेन्सला नोंदणी फी नाही. “चॅनेल चालवून देतो, एवढे भरा”, “खाते मंजूर करून देतो, तेवढे भरा” असे म्हणणाऱ्यास दारातूनच निरोप द्यावा.

अशी फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते मध्येच अडविता येण्याची शक्यता असते. तेथे तासांचा हिशेब असतो, दिवसांचा नव्हे. आणि “तुमचे बँक खाते महिना भाड्याने द्या” असे कोणी म्हणाले तर ती कमाई नसून गुन्ह्यातील भागीदारी आहे, हे घरातील तरुणांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा.

आपल्यापाशी विकण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. सगळे विचारतात ते कॅमेरा कोणता घ्यावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांचे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ‘आपली आजी’ या नावाने त्या घरोघर ओळखल्या जातात. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींनी 2020 साली नातवाच्या मदतीने स्वयंपाकाचे व्हिडिओ करावयास सुरुवात केली. त्यांची कारल्याची भाजी लाखो लोकांनी पाहिली. आता विचार करा, कारल्याची भाजी काय जगात नवी आहे? परंतु शहरात नोकरीसाठी गेलेल्या मुला-मुलींना आईच्या हातची भाजी आठवते आणि ती करता येत नाही. कारल्याचा कडूपणा कसा काढावा, वाटण किती बारीक असावे, हे जवळ बसून सांगणारे माणूस त्यांना हवे होते. ते त्यांना मिळाले. आजींपाशी पन्नास वर्षांचा हात होता आणि नातवापाशी मोबाईलची माहिती होती. ही जोडी आपल्या बहुतेक घरांत आहे. फक्त ती एका चुलीपाशी बसत नाही.

याच चॅनेलची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात कोणा भामट्याने ते बळकावले होते. सुदैवाने काही दिवसांनी ते परत मिळाले. म्हणून खाते उघडताच त्याला दुहेरी कुलूप लावून घ्यावे, म्हणजे पासवर्डखेरीज मोबाईलवर येणारी खूणही लागेल अशी व्यवस्था करावी. गोठ्याला कडी आणि कुलूप दोन्ही लावतो, तसेच.

असेच दुसरे उदाहरण तामिळनाडूतील आहे. पुदुक्कोट्टई जिल्ह्यातील चिन्ना वीरमंगलम हे एक खेडे. तेथील शेतकरी घरातील चुलत भावंडांनी आचारी म्हणून काम केलेल्या आजोबांना बरोबर घेऊन 2018 साली स्वयंपाकाचे चॅनेल सुरू केले. शेतात, बांधावर, मोठ्या भांड्यांत रांधावयाचे आणि ते अन्न लोकांना वाढावयाचे, एवढेच. 2021 साली त्यांच्या चॅनेलचे सदस्य एक कोटीच्या वर गेले आणि त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्री मदतनिधीला दहा लाख रुपये दिले. तामिळ न कळणारेही ते पाहतात. त्या भावंडांनी शहराची नक्कल केली नाही, हे त्यातले मला विशेष वाटते.

पण प्रत्येकाचे असे होईल असे मुळीच समजू नये. ही मोठी झाडे आहेत. आपण रोपाचा विचार करू, आणि तोही स्वयंपाकघराबाहेर शेतात येऊन करू, कारण तेथे माझा थोडाफार अधिकार चालतो.

मे महिना घ्या. सोयाबीन घेणाऱ्या प्रत्येक घरात एकच काळजी असते : घरचे बियाणे उगवेल की नाही? याचे उत्तर घरच्या घरी मिळते. पोत्यातून निरनिराळ्या जागचे दाणे काढून त्यातले शंभर सरसकट, निवड न करता मोजून घ्यावेत. गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून लावाव्यात. वर दुसरा ओला तुकडा टाकून हलक्या हाताने गुंडाळी करावी, सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले, निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर एकरी तीस किलो हे नेहमीचे प्रमाण ठेवावे. साठच निघाले तर तेवढीच रोपे मिळण्यासाठी पस्तीस किलो लागतील. त्याहून बरेच कमी निघाले तर ते बियाणे पेरणीला वापरू नये. अशा तीन गुंडाळ्या केल्या म्हणजे अंदाज पक्का होतो.

आता हेच एखाद्या ताईने आपल्या ओसरीवर करून मोबाईलवर टिपले, पहिल्या दिवशी दाणे मांडताना आणि आठव्या दिवशी गुंडाळी उघडून मोजताना, तर जेमतेम पाच मिनिटांचा व्हिडिओ होईल. त्यात संगीत नको, रंगीत अक्षरे नकोत. हात दिसावेत, दाणे दिसावेत, बोलणे स्वच्छ ऐकू यावे. ज्याच्या घरात बियाण्याचे पोते पडून आहे त्याला त्या पाच मिनिटांची किंमत एका बॅगेच्या पैशाएवढी आहे. शिवाय हा प्रश्न दरवर्षी मे महिन्यात पुन्हा उभा राहतो, म्हणजे एकदा केलेले काम वर्षानुवर्षे गिऱ्हाईक आणीत राहते. बांधावर लावलेल्या आंब्यासारखे म्हणा.

याउलट, “मंडळी, आज आमच्या शेतात काय चालले आहे ते पाहा” असे म्हणून ट्रॅक्टर फिरताना दाखविणारे शेकडो व्हिडिओ मी पाहतो. करणाऱ्याला हौस वाटते, त्यात वाईट काही नाही. परंतु पाहणाऱ्याच्या पदरात काय पडले? आपला ट्रॅक्टर आपल्याला नवा, जगाला नाही.

प्रश्न लोकांच्या तोंडी ज्या शब्दांत असतो त्याच शब्दांत तो मथळ्यात यावा, हेही महत्त्वाचे. शेतकरी मोबाईलमध्ये “पर्णहरिताचा ऱ्हास” असे शोधत नाही. तो “सोयाबीन पिवळे का पडते” असे शोधतो. 2018 साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम आढळली. तेव्हा लोकांना औषधाच्या आधी एवढेच जाणून घ्यावयाचे होते की, आपल्या पोंग्यात बसलेली अळी तीच आहे की दुसरी? डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार ठिपके, ही तिची ओळख. ज्या कोणी अळी तळहातावर घेऊन उन्हात नीट दाखविली, त्याने खऱ्या अर्थाने शेतकऱ्याच्या पदरात काही टाकले.

लिहिण्याची आवड असलेल्यांनी व्हिडिओच्या मागे लागावे असेही नाही. खताच्या मात्रांचा हिशेब, गाईच्या माजाच्या तारखांची नोंद कशी ठेवावी, जुन्या वाणांच्या चवी, घरगुती लोणच्यांची प्रमाणे, हे लिहून ठेवलेले अधिक उपयोगी पडते. कारण वाचणाऱ्याला ते पुन:पुन्हा उघडून पाहावे लागते. ब्लॉगर नावाची फुकट सोय आहे. तीवर मराठीत लिहून पाहावे, आणि हात बसला की मगच स्वतःच्या वेबसाइटच्या वार्षिक खर्चात पडावे.

थोडा आकड्यांचा हिशेब

यूट्यूबच्या जाहिरातीतील वाटा मिळण्यासाठी आज अट अशी आहे : चॅनेलला एक हजार सदस्य हवेत, आणि मागील बारा महिन्यांत लोकांनी आपले व्हिडिओ मिळून चार हजार तास पाहिलेले असावेत. (नाही तर नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलेले छोटे व्हिडिओ.) सदस्य म्हणजे सबस्क्रायबर, त्याला वर्गणी पडत नाही, म्हणून हजार जमणे तितके अवघड नसते. खरी चढण आहे ती चार हजार तासांची.

चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. एक माणूस सरासरी तीन मिनिटे थांबतो असे धरले, तर ऐंशी हजार वेळा आपले व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत. आठवड्याला दोन व्हिडिओ केले तर वर्षाचे एकशे चार होतात, म्हणजे दर व्हिडिओमागे सुमारे पावणेआठशे माणसे. अशक्य नाही, पण सोपेही नाही. नातेवाईक आणि मित्र मिळून शंभराच्या वर जात नाहीत, हे माझे निरीक्षण आहे. बाकीचे अनोळखी असतात, आणि अनोळखी माणूस कामाशिवाय येत नाही.

एवढे झाल्यावर पैसे सुरू होतात, तेही लगेच हातात पडत नाहीत. खात्यावर शंभर डॉलर, म्हणजे सध्याच्या भावाने नऊ हजारांच्या आसपास रक्कम जमली की मग ती महिन्याच्या 21 ते 26 तारखेच्या दरम्यान पाठविली जाते. हजार वेळा पाहिल्याचे किती मिळतात, असे सगळे विचारतात. त्याचा ठरलेला दर नाही. कोणती जाहिरात लागली, पाहणारा कोठला, महिना कोणता, यावर ते बदलते. बाजारभावासारखेच. म्हणून पहिले वर्ष या उत्पन्नाचे शून्य धरावे. त्यावर कर्ज काढू नये, हप्त्यावर महागडा कॅमेरा घेऊ नये, आणि चालू नोकरी किंवा गोठा तर मुळीच सोडू नये. घरातला मोबाईल आणि आवाजासाठी साधा कॉलर-माईक एवढ्यावर वर्ष काढता येते.

माझे मत विचाराल तर शेतकरी घराने जाहिरातीच्या पैशापेक्षा दुसऱ्या वाटेकडे अधिक लक्ष द्यावे. ती म्हणजे आपला माल किंवा आपली सेवा. आंब्याची पेटी, काकवी, हातसडीचा तांदूळ, हळद, रोपवाटिकेतील कलमे, कृषी पर्यटनाची राहुटी. आपल्या राज्याने 2020 साली कृषी पर्यटनाचे धोरणही केले आहे. समजा तुम्ही आंबा नैसर्गिकरीत्या कसा पिकवावा, पेंढ्यात किती दिवस ठेवावा, पिकलेला कसा ओळखावा, हे वर्षभर प्रामाणिकपणे दाखविले. पाहणारे पाचशेच जमले. जाहिरातीच्या हिशेबात त्या पाचशेंची किंमत चहापाण्याइतकीही नाही. परंतु त्यांतील चाळीस जणांनी हंगामात दोन-दोन पेट्या सरळ तुमच्याकडून घेतल्या, तर ऐंशी पेट्या दलालाशिवाय गेल्या. मात्र येथे शब्दाला जागावे लागते. वरच्या थरात मोठी फळे आणि खाली बारीक, हा बाजारातला खेळ मोबाईलवर एकदाच चालतो. दुसऱ्या दिवशी फोटोसकट सगळ्यांना कळते. आणि लोणची-पापड, मसाले असे खाद्यपदार्थ विकावयाचे असतील तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्यावी.

सल्ला देताना हात आखडता घ्यावा

आता माझ्या खात्याच्या जिव्हाळ्याचा विषय. चॅनेल जरा नावारूपाला आले की औषधांचे आणि टॉनिकांचे विक्रेते दारी येतात. “हे फुकट घ्या, वर इतके हजार घ्या, आणि आमच्या औषधाने फुटवा आला असे सांगा.” येथे पुष्कळ चांगली मुले घसरलेली मी पाहिली आहेत.

बाबांनो, तुमच्यावर विश्वास ठेवून चार जिल्ह्यांपलीकडचा एखादा शेतकरी ते फवारणार आहे. त्याची जमीन, त्याचे पाणी, त्याचा रोग तुम्ही पाहिलेला नाही. सोयाबीन पिवळे पडण्याचेच घ्या. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या, तर चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडल्याची शक्यता. पानावर वेडेवाकडे पिवळे-हिरवे चट्टे असले तर पिवळा मोझॅक. तो पांढऱ्या माशीने पसरतो. आणि सखल भागात पाणी साचून मुळे गुदमरली तर सगळे झाडच फिक्कट होते, तेथे बाटली नव्हे तर चर काढणे हा उपाय. तीन कारणे, तीन उपाय. “पिवळे पडले? हे टॉनिक मारा” असे एका दमात सांगणारा तिघांपैकी निदान दोघांचे पैसे पाण्यात घालतो आणि महत्त्वाचे आठ दिवस वाया घालवितो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा औषधे एकमेकांत मिसळण्याचे, संरक्षक कपडे नसण्याचे प्रश्न पुढे आले होते. म्हणून ‘दोन औषधांचे जबरदस्त मिश्रण’ अशा मथळ्याचा व्हिडिओ पाहिला की माझ्या अंगावर काटा येतो. कोणत्या पिकावर कोणत्या किडीसाठी किती मात्रा, हे डब्याबरोबरच्या पत्रकावर छापलेले असते. त्याच्या बाहेर जाऊन काहीही सांगू नये. आपण आपल्या शेतात काय केले, कोणत्या तारखेला केले, किती खर्च आला, काय झाले आणि काय झाले नाही, एवढेच सांगावे. पुढे “आपल्या कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला पीक दाखवून घ्या” एवढे जोडावे. फसलेला प्रयोगही दाखवावा. त्याला पाहणारे अधिक भेटतात, आणि तो विकत घेऊ म्हणणारा विक्रेता नसतो!

पैसे घेऊन किंवा फुकट वस्तू घेऊन एखाद्या मालाबद्दल बोलावयाचे असेल तर ती गोष्ट पाहणाऱ्याला स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने तशा सूचनाही काढल्या आहेत.

कागदपत्रे आणि घरातल्या गोष्टी

पहिले दहा डॉलर जमले की गूगल आपल्या पत्त्यावर टपालाने एक पिन क्रमांक पाठविते. तो खात्यात भरल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि चार महिन्यांत भरला नाही तर जाहिराती थांबतात. आपल्याकडे ही पत्रे हरवतात त्याचे मुख्य कारण पत्ता. शहरी पद्धतीने अर्धवट इंग्रजीत लिहिण्यापेक्षा मुक्काम, पोस्ट, वस्तीचे नाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड पोस्टमनला समजेल असा लिहावा, आणि त्याला आधी सांगूनही ठेवावे. पत्राला दोन ते चार आठवडे लागतात.

मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर पैशाचे खाते आई-वडिलांच्या नावे जोडावे लागते. नाव, पॅन आणि बँक पासबुक यांतील अक्षरे जुळली पाहिजेत. ‘बाबुराव’ आणि ‘बाबूराव’ यांमुळे अडलेली माणसे तुम्हाला पीकविम्यात भेटलीच असतील. अमेरिकेच्या कराचा एक फॉर्मही खात्यात भरून द्यावयाचा असतो. तो न भरल्यास वाजवीपेक्षा जास्त कपात होऊ शकते.

आणखी एक गैरसमज दूर करतो. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, म्हणून शेतावर काढलेल्या व्हिडिओच्या उत्पन्नालाही तो नाही, असे काही जण समजतात. तसे नाही. व्हिडिओ शेतातला असला तरी कमाई शेतीची नव्हे. रक्कम वाढू लागली की गावच्या कर सल्लागाराकडे जाऊन विवरणपत्र भरावे.

भगिनींसाठी दोन शब्द. घरातील सुनेला किंवा मुलीला कॅमेऱ्यापुढे यावयाचे नसेल तर बळजबरी करू नये. नुसते हात आणि आवाज यांवर उत्तम चॅनेले चाललेली आहेत. दागिने, कपाटे, घराच्या मागचा दरवाजा दाखवू नये. सगळे घर लग्नाला गेले आहे हे लग्नाहून परत आल्यावर सांगावे. वाईटसाईट लिहिणारे लोक भेटतील; त्यांना उत्तर देत बसू नये, सरळ पुसून टाकावे. मात्र प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर अवश्य द्यावे. त्याच्या प्रश्नातूनच पुढचा विषय मिळतो.

दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून त्यावर आपला आवाज चढविणारे, किंवा यंत्राकडून एकसारखे शेकडो व्हिडिओ काढणारे यूट्यूबच्या नियमांत बसत नाहीत. त्यांना जाहिरातीचा वाटा नाकारला जातो. म्हणजे आजी, शेत आणि गोठा आपला असणे हा आपला मोठाच फायदा आहे.

ज्यांना करून पाहावयाचे असेल त्यांनी या आठवड्यात कॅमेऱ्याला हात लावू नये. एक शाळेची वही घ्यावी. पारावर, दूध डेअरीवर, बचत गटाच्या बैठकीत, पाहुण्यांच्या फोनवर लोक तुम्हाला काय काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावे. गाय माजावर येत नाही, पापडखार किती घालावा, सातबाऱ्यावर वारसनोंद कशी करतात, असे काहीही. त्यांतील ज्या प्रश्नांचे उत्तर तुम्ही स्वतः हाताने करून दाखवू शकता, त्यांपुढे खूण करावी. अशा वीस खुणा झाल्या की पहिला व्हिडिओ करावा. घरचे सोयाबीन असेल तर गोणपाटाची गुंडाळी मेच्या दुसऱ्या आठवड्यात बांधा, म्हणजे आठव्या दिवशी मोजणी होऊन जूनच्या पेरणीआधी ती लोकांपर्यंत पोहोचेल.